पळसकोंडचं नवं गाऱ्हाणं

"नऊ घरं, नऊ कुलपं, आन एकाच्याबी कुलपात तेल घालायची कुणाला आठवण नाय. गणपतीत लावून गेले. आता शिमग्याला येतील आन म्हणतील, चंद्रावैनी, किल्ली फिरत नाय! मी काय कुलपांची वैदू हाय?"

चंद्राबाई हे कुणाला सांगत नव्हती, कुलपालाच सांगत होती. मागं झाडू घेऊन उभ्या असलेल्या वैशालीला ते ऐकू आलं. सासूचं कुलपाशी चाललेलं भांडण मधेच तोडू नये, एवढं ती गेल्या सहा महिन्यांत शिकली होती. चंद्राबाईनं वाटीतल्या खोबरेलात कोंबडीचं पीस बुडवलं, दोन थेंब कुलपात सोडले, आणि कुलूप पोटदुखी थांबलेल्या पोरासारखं गपगुमान उघडलं.

पळसकोंड म्हणजे बारा घरांची वाडी. पोलादपूरहून आंबेनळीचा रस्ता चढायला लागला की खालच्या अंगाला तिची कौलं दिसतात, नाही दिसली तरी कुणाचं काही अडत नाही. बारापैकी नऊ घरं मुंबईला गेली आहेत, म्हणजे माणसं गेली आहेत, घरं इथंच आहेत. त्या नवांच्या किल्ल्या चंद्राबाईकडे. ज्याच्या त्याच्या किल्लीला ज्याच्या त्याच्या घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. हिरवी मुरारीची, फुलांची सुताराकडची. वाचायला येत नसलं म्हणून काय झालं, चंद्राबाईचा दप्तरखाना चोख होता.

वैशालीनं सहज जुडगा हातात घेतला आणि मोजला.

"आई, ह्या अकरा किल्ल्या हायत."

"मग?"

"घरं तर नऊ बंद."

"आता नऊ. आषाढात अकरा." चंद्राबाई पुढच्या घराकडे चालू लागली. "सोमा बायकोला घेऊन पोलादपुरात खोली घेतो, जीप काय वर चढत नाय. आन भिकू गुरव लेकीकडं जातो महाडाला. त्याला दमा हाय."

"म्हणजे पावसाळ्यात तुमी..."

"मी अकरा घरं बघते. चल, झाडू मार. बोलण्यानं धूळ निघत नाय."

वैशाली झाडू मारायला लागली. सात वर्षं ती दर रविवारी फोन करत होती आणि दर रविवारी पलीकडून एकच ऐकत होती, "सगळे हायत गो हितं, तू काळजी नको करू." सगळे म्हणजे अकरा किल्ल्या, हे तिला आज कळलं.

ती सात वर्षं वैशालीनं इस्राएलात, हैफा नावाच्या शहरात काढली होती. नवऱ्याची, सुनीलची, नोकरी गेली तेव्हा एजंटानं तिला म्हाताऱ्यांची सेवा करायला तिकडं पाठवलं. शहर डोंगराच्या उतारावर होतं, म्हणून पहिल्या दिवशी तिला घरच्यासारखं वाटलं. नंतर वाटलं नाही. तिच्या वाट्याला आलेला म्हातारा नव्वदीचा. त्याला ती 'सबा' म्हणायची, तिकडच्या भाषेत आजोबा. सबांनी चाळीस वर्षं कॉलेजात जुनी हिब्रू शिकवली होती. भाजीबाजारात चालते ती नव्हे, यहुदी लोकांच्या जुन्या पोथीतली. आता डोळे गेले होते, विद्यार्थी गेले होते, मुलगी अमेरिकेला गेली होती. उरली होती वैशाली. मग सबांनी तिला अक्षरं शिकवली, म्हणजे ती त्यांना पोथी वाचून दाखवील. उजवीकडून डावीकडं वाचायचं, जातं उलट फिरवल्यासारखं. ती अडखळली की सबा खूश व्हायचे. बरोबर वाचणाऱ्याला शिकवायचं तरी काय?

"तुमच्याकडे काही हवं असलं तर काय म्हणतात?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"मिळो म्हणतात. येवो, होवो."

"तसं आमच्याकडेही आहे. ते सभ्य माणसांचं. पण पोथीतल्या माणसाचा जीव खरोखर कासावीस झाला ना, की तो 'मिळो' म्हणत नाही. तो विचारतो, 'कोण देईल?' वाळवंटात भूक लागली, मांस कोण देईल? उडून जावंसं वाटलं, पंख कोण देईल? सकाळी म्हणायचं संध्याकाळ कोण देईल, आणि संध्याकाळी म्हणायचं सकाळ कोण देईल. काहीच मिळणार नसतं. तरी विचारायचं."

"आणि वेळ निघून गेल्यावर?"

"त्याला एक इवलासा शब्द आहे, लू. 'असतं तर.' तो वाक्याच्या पुढं ठेवला की जे झालं नाही ते सगळं रांगेत येऊन उभं राहतं." सबा हसले होते. "आणि पस्तावणं नि सांत्वन होणं, दोन्हीला आमच्याकडे धातू एकच. माणसं हुशार होती. एकाच माठातलं पाणी आहे हे त्यांना ठाऊक होतं."

मग तिनं त्यांना गावच्या गाऱ्हाण्याचं सांगितलं. शिमग्याला देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या ओट्यावर, बसली की गुरव सगळ्या गावाच्या वतीनं मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळी माणसं एका सुरात ओरडतात, 'होय म्हाराजा!' देवी बाई आहे, तरी 'म्हाराजा'च. ते बदलायचं कुणाला सुचलेलं नाही, आणि देवीनंही कधी मनाला लावून घेतलेलं नाही.

सबा खोकला येईपर्यंत हसले. "म्हणजे मागणारा एक, हो म्हणणारे सगळे. देणारा कोण?"

दर शुक्रवारी संध्याकाळी मुलीचा फोन यायचा. यायचा, किंवा यायचा नाही. नाही आला की सबा बाल्कनीत बसून पुटपुटायचे, "कोण देईल?" वैशाली विचारायची, काय हवं सबा? ते म्हणायचे, "काही नको. व्याकरण म्हणतोय."

गेल्या भाद्रपदात सबा गेले आणि वैशाली परत आली. आता एजंटाचा पुन्हा निरोप होता. त्याच शहरात एक आजी, पाय मोडलेली. चौदा एप्रिलचं विमान. हे सुनीलला माहीत होतं, वैशालीला माहीत होतं, चंद्राबाईला माहीत नव्हतं. "आयेला तू सांग," सुनील मुंबईहून फोनवर म्हणायचा. "तुझी आई, तू सांग," वैशाली म्हणायची. असं सांगणं दोन महिने टोलवत टोलवत शिमग्यापर्यंत आलं होतं.

दुपारी घरी आल्यावर वैशालीनं पडवी झाडायला घेतली. दाराआडच्या कोपऱ्यात एक बोचकं होतं. तिला वाटलं जुने कपडे. सोडून बघितलं तर एक लुगडं, विजेरी, औषधाची पट्टी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली घरपट्टीची पावती नि आधारकार्ड, आणि नव्या वहाणांचा जोड. पळायला बांधून ठेवल्यासारखं.

मागं डोंगर होता. तळीयेला दरड आली त्यानंतरच्या वर्षी सरकारी माणसं पळसकोंडातही येऊन गेली होती. डोंगराला गेलेली चीर त्यांनी फुटपट्टीनं मोजली, शाळेच्या भिंतीवर 'धोकादायक वस्ती, पावसाळ्यात स्थलांतर करावे' असा कागद चिकटवला आणि खाली गेले. तो कागद पुढच्या पावसात गळून पडला. त्याचं तेवढं स्थलांतर झालं.

"आई, हे बोचकं..."

"ऱ्हावू दे तिथंच." चंद्राबाईनं तिच्या हातातून ते घेतलं, गाठ पुन्हा मारली, दोनदा ओढून बघितली. "मुंबईवाले येतील, पडवी आवर."

मार्च महिना होता. आभाळात ढगाचं बोटभर चिन्ह नव्हतं.

मुंबईवाले आले. वीरला रेल्वेनं उतरून, रिक्षानं महाडला, एसटीनं पोलादपूरला, आणि तिथून सोमाच्या जीपमध्ये एकावर एक रचून. सुनीलला सुट्टी मिळाली नव्हती. सगळ्यांत पुढं मुरारी. चंद्राबाईचा चुलत दीर, पळसकोंड ग्रामस्थ मंडळ मुंबईचा अध्यक्ष. मंडळाला अध्यक्ष एक, उपाध्यक्ष चार आणि सल्लागार सात आहेत. नुसता सभासद म्हणून कुणी उरलेला नाही.

"वैनी!" मुरारी वाकून पाया पडला. "तुमच्यामुळं गावात दिवा हाय. काल ग्रुपवर टाकलं मी, आमच्या वैनी म्हणजे वाघीण. जीव जाईल पण माती सोडणार नाय. किती अंगठे आले माहितेय? एकशे चौदा!"

"च्या पिणार ना भावजी?" चंद्राबाई म्हणाली.

मग तो वैशालीकडं वळला. "वैशाली, तुझ्याकडं एक काम हाय. भिकूच्या घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज फुटत नाय त्याचा. म्हणून यंदा मंडळानं ठराव केलाय. गाऱ्हाणं छापील! भिकू नारळ धरील, वाचीन मी. तू परदेशात राहिलेली, तुझं अक्षर बरं. मागण्या सगळ्या ग्रुपवर आल्यात, तेवढ्या नीट भाषेत लिहून काढ, सोमा पोलादपुरातनं टाइप करून छापून आणील."

मागण्या एकसष्ट होत्या. नालासोपाऱ्यातल्या बिल्डरनं ताबा द्यावा. धाकट्याला दहावीला नव्वदच्या वर पडावेत. वाडीवर टॉवर यावा, कारण सुट्टीत रेंज नसते. शाळेला मास्तर यावा. नळाला पाणी यावं. एकानं नुसतंच हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. त्याचं काय मागणं आहे ते देवीनंच ओळखायचं होतं. सगळ्यांत शेवटी मुरारीची स्वतःची भर, 'चंद्राबाईला शंभर वर्षं आयुष्य दे, तिच्या हातानं गावात दिवा लागू दे.'

वैशाली पडवीत कागद घेऊन बसली. 'मिळो', 'येवो', 'होवो' असं लिहीत दहाव्या मागणीपर्यंत गेली आणि तिला कंटाळा आला. सगळं कसं सभ्य! कुणाचा जीव कासावीस झाल्याची खूण नाही. मग तिला सबांचं खोकत हसणं आठवलं. तिनं कागद उलटला आणि नव्यानं सुरुवात केली. नळाला पाणी कोण देईल? शाळेला मास्तर कोण देईल? थोडा खोडसाळपणा होता, नाही असं नाही. पण हात भराभर चालला, जणू इतकी वर्षं तो ह्याचीच वाट बघत होता.

शेवटच्या मागणीशी येऊन तिनं लिहिलं, 'पावसाळ्यात चंद्राबाईला सोबत कोण देईल?'

लिहिलं आणि बघत बसली. प्रश्नचिन्ह तिच्याकडंच तोंड करून उभं होतं. तिच्या पिशवीत चौदा एप्रिल होता. मातेरं लोटावं तशी तिनं ती ओळ खोडली आणि मुरारीच्या शब्दांत पुन्हा लिहिली. शंभर वर्षं आयुष्य दे. ह्यात कुणाला काही करायचं नव्हतं. चंद्राबाईला तेवढं जगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबला. भिकू गुरवानं नारळ छातीशी धरला. मुरारीनं चष्मा लावला आणि छापील कागद उघडला. कागद त्यानं आधी वाचला नव्हता. खाली आपलं नाव आणि पद बरोबर छापलंय ना, तेवढं बघितलं होतं.

"आई काळकाई, बारा घरांच्या पळसकोंडाची तू राखणदारीण! आज तुझी लेकरं गोळा झालीत, त्यांचं गाऱ्हाणं ऐक!"

"होय म्हाराजा!"

"आमच्या नळाला पाणी कोण देईल?"

"होय म्हाराजा!"

मग मागून सोमा ओरडला, "होय काय, होय? कोण देईल इचारतोय तो!"

माणसं एकमेकांकडं बघू लागली. नळाची टाकी बांधून तीन वर्षं झाली होती, पाइपाचं काम तेवढं राहिलं होतं, आणि ते काम चौथ्या उपाध्यक्षाच्या मेव्हण्यानं घेतलं होतं. चौथा उपाध्यक्ष ढोलाची दोरी आवळायला खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

मुरारीनं घसा साफ केला. "शाळेला... शाळेला मास्तर कोण देईल?"

"मास्तर सरकार देईल गो," सोमाची बायको म्हणाली, "पोरं कोण देईल? चार वर्षं झाली शाळेला कुलूप लागून!"

बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या. नुकतं लग्न झालेल्या एका जोडीनं लगोलग वेगवेगळ्या दिशांना बघितलं.

"हे काय लिवलंयस, वैशाली?" मुरारीनं कागद खाली घेतला. कपाळाला घाम होता. "गाऱ्हाणं हाय का तलाठ्याची चौकशी?"

"जुनी पद्धत हाय काका."

"कुठली जुनी?"

"दोन-तीन हजार वर्षांची."

मुरारी विरघळला. जुन्याविरुद्ध बोलायची मंडळाच्या घटनेत सोय नव्हती. "बघा! आपली परंपरा!" तो लोकांना म्हणाला, आणि जोमानं पुढं वाचू लागला. पण प्रत्येक ओळीनंतर 'होय म्हाराजा' विरळ होत गेलं. कधी नव्हे ते लोक ऐकत होते. मागणी ऐकली की माणूस आधी देवीकडं बघायचा, मग शेजाऱ्याकडं, मग स्वतःच्या पायांकडं. बिल्डरचं मागणं ज्याचं होतं तोही 'होय' म्हणेना. देवी मात्र पालखीत रुप्याचा मुखवटा लावून स्वस्थ बसली होती, जणू म्हणत होती, तुमचं ठरलं की सांगा.

वैशालीला मजा वाटायला हवी होती. पण तिचं लक्ष सासूकडं होतं. चंद्राबाई बायकांच्या कडेला, खांबाला टेकून उभी होती. पहिल्या 'होय म्हाराजा'नंतर ती एकदाही ओरडली नव्हती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आणि काखेत, देवीच्या सहाणेवर येताना कुणी आणत नाही ते, बोचकं.

मुरारी शेवटच्या ओळीशी आला. इथं प्रश्न नाही हे बघून त्याचा आवाज मोकळा झाला.

"आणि आमच्या चंद्रावैनीला शंभर वर्षं आयुष्य दे! तिच्या हातानं गावात दिवा लागू दे!"

"होय म्हाराजा!"

असा आवाज अख्ख्या सकाळीत झाला नव्हता. सगळ्यांनी सुटकेचा दम एकदम सोडला. पोरं ओरडली, बायका ओरडल्या, चौथा उपाध्यक्ष उठून उभा राहिला नि दोन्ही हात वर करून ओरडला. भिकू गुरवाच्या ऑपरेशन झालेल्या घशातूनसुद्धा काहीतरी शिट्टीसारखं बाहेर पडलं. डोंगरानं तो आवाज घेतला, चिरेपाशी थोडा अडवला, आणि परत पाठवला.

काल वैशालीनं खोडलेली ती ओळ कागदावर नव्हती, पण तिच्या डोळ्यांपुढं होती. लू, तिला वाटलं. ती ओळ राहू दिली असती तर.

चंद्राबाई पुढं आली. कमरेचा जुडगा सोडला आणि पालखीपुढं सहाणेवर ठेवला. अकरा किल्ल्या, अकरा रंगांच्या चिंध्या.

"बघा, बघा!" मुरारीनं हात जोडले. "किल्ल्या आईच्या चरणी! ह्याला म्हणतात भक्ती. काढा रे फोटो!"

मोबाइल वर झाले. टाळ्या पडल्या. टाळ्यांतच मुरारीनं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. गाऱ्हाणं संपलं होतं.

"थांबा काका," वैशाली म्हणाली. आपला आवाज तिला भिकूसारखाच वाटला, नुसती हवा. ती पुढं गेली, सासूसमोर उभी राहिली. "एकसष्ट मागण्या झाल्या. तुमची राहिली, आई. तुमाला काय पायजे?"

"त्यांना काय पायजे असणार?" मुरारी हसला. "वैनी म्हणजे..."

"तुमाला नाय विचारलं काका."

टाळ्या थांबल्या. चंद्राबाईनं बोचकं दुसऱ्या काखेत घेतलं.

"सुनीलचा आवाज फोनात लई मोठा येतो गो," ती म्हणाली. "चौदा तारीख मला म्हयन्यापूर्वीच कळली. जा तू. तुला मी अडवणार नाय. आन भावजी, तुमी मला वाघीण म्हणता, माती सोडणार नाय म्हणता. मी कवा म्हणाले तसं? तुमीच म्हणालात, मग मला बोलताच येईना." तिनं डोंगराकडं एकदा बघितलं, झटकन, जणू त्यानं ऐकू नये. "पावसात मी झोपत नाय. दाराशी बसून ऱ्हाते, वहाणा घालून. मला भ्या वाटतं. मला हितं नाय ऱ्हायचं."